नॉर्वेजियन एल्कहाउंड : गुणधर्म, काम व संगोपन

कुत्रा हा माणसाने माणसाळविलेला सर्वांत पहिला प्राणी होय. शेती सुरू होण्याच्या आधीपासून, म्हणजे गाय, शेळी आणि मेंढी दावणीला येण्यापूर्वीच, कुत्रा माणसाच्या सोबतीला होता. पुढे ज्या भागात जे काम असेल त्या कामाला योग्य अशी कुत्री लोकांनी निवडून निवडून वाढविली. आपल्याकडे मेंढपाळाच्या कळपाची राखण करणारी कुत्री वेगळी आणि उघड्या माळावर सशामागे धावणारा कारवानी कुत्रा वेगळा. युरोपच्या अगदी उत्तरेकडील नॉर्वे, स्वीडन व फिनलंड या देशांत घनदाट जंगल, बर्फ आणि प्रचंड देहाचे हरिण यांच्याशी रोजची गाठ असल्याने तेथे शिकारी कुत्र्यांच्या काही खास जाती तयार झाल्या. त्यांपैकी नॉर्वेच्या राखाडी एल्कहाउंड या जातीची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

कृषिविद्या शिकविणाऱ्याने शिकारी कुत्र्यावर का लिहावे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. याला दोन कारणे आहेत. एक तर नॉर्वेत हा कुत्रा शेतकऱ्याच्याच घरचा असून त्याचे काम शेतकऱ्याच्या जंगलातील उत्पन्नाशी जोडलेले आहे. दुसरे असे की, थंड देशांतील दाट केसांची कुत्री हौसेने घेण्याची प्रथा आता आपल्या शहरांतून शेतावरच्या बंगल्यापर्यंत येऊन पोहोचली आहे. बियाण्याचे वाण निवडताना आपण जमीन, पाऊस व हंगाम पाहतो. जनावराची जात निवडताना मात्र पुष्कळदा केवळ फोटो पाहिला जातो. एखादी जात कशी घडली हे कळले म्हणजे तिची निगा कशी राखावी आणि ती कोठे पाळू नये, हे वेगळे सांगावे लागत नाही.

मूस आणि तेथील शेतकरी

या कुत्र्याचे नाव समजण्यासाठी आधी त्याचे सावज समजून घ्यावे. नॉर्वेच्या भाषेत मूस या प्राण्याला एल्ग म्हणतात व कुत्र्याला हुंड. एल्गहुंड म्हणजे मूसचा कुत्रा. इंग्रजांनी त्याचे एल्कहाउंड केले. पण अमेरिकेत एल्क हे नाव वापिटी या दुसऱ्याच हरणाला असल्यामुळे गोंधळ होतो. शिवाय हाउंड हा शब्दही फसवा आहे. इंग्रजीत त्या नावाने ओळखली जाणारी कुत्री लोंबत्या कानांची किंवा कारवानीप्रमाणे लांब पायांची असतात. एल्कहाउंड मात्र उभ्या कानांच्या व वळलेल्या शेपटीच्या स्पिट्झ गटातील आहे. आपल्याकडे घरोघर जो पांढरा ‘पामेरियन’ दिसतो तोही याच गटातला, म्हणजे नात्याने जवळचा.

मूस हे हरणांच्या कुळातील सर्वांत मोठे जनावर होय. आपले सांबर त्याच्यापुढे लहान दिसेल. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ४०० ते ५०० किलो किंवा त्याहूनही अधिक भरते आणि खांद्याजवळ तो माणसाहून उंच असू शकतो. उन्हाळ्यात तो बर्च, विलो यांसारख्या झाडांचा पाला खातो. हिवाळ्यात सर्वत्र बर्फ झाले की पाइनच्या कोवळ्या शेंड्यांवर येतो. नॉर्वेत लागवडीखालील जमीन जेमतेम ३ टक्के आहे, परंतु देशाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली असून त्यातील बराच हिस्सा शेतकऱ्यांच्या मालकीचा आहे. तेथे पाइनचे झाड इमारती लाकडासाठी तयार व्हायला ७०-८० वर्षे किंवा त्याहून जास्त काळ लागतो. रोप कोवळे असताना मूसने त्याचा शेंडा खाल्ला तर खोड वाकडे होते, त्याला फांद्या फुटतात आणि लाकडाची प्रत कायमची उतरते. याशिवाय रस्त्यावर व रेल्वेमार्गावर मूस आडवा येऊन होणारे अपघात वेगळेच. रोही आणि रानडुकरांनी ज्यांची पिके तुडविली आहेत अशा विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी बंधूंना हे दुखणे समजावून सांगण्याची गरज नाही.

फरक आहे तो व्यवस्थेत. नॉर्वेत शिकारीचा हक्क जमीनमालकाकडे असतो. मात्र मनाला येईल तितके प्राणी मारता येत नाहीत. किती क्षेत्रामागे एक मूस मारता येईल हे स्थानिक नगरपालिका ठरविते. त्यासाठी लहान जमीनमालक आपली क्षेत्रे एकत्र करतात आणि त्या एकत्रित क्षेत्राला नर, मादी व वासरू यांची संख्या ठरवून परवाना मिळतो. हंगाम साधारणतः २५ सप्टेंबर ते २३ डिसेंबर असा असतो. शिकाऱ्याला परीक्षा द्यावी लागते व मोठ्या प्राण्यांच्या शिकारीसाठी दरवर्षी नेमबाजीची चाचणीही पार करावी लागते. अशा रीतीने देशभरात वर्षाला अंदाजे २५ ते ३५ हजार मूस मारले जातात. मांस वाटून घेतले जाते किंवा विकले जाते. आणखी एक अट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. जखमी होऊन पळालेल्या मूसचा माग काढू शकेल असा, परीक्षा उत्तीर्ण झालेला कुत्रा उपलब्ध असल्याशिवाय शिकारीला जाता येत नाही. गोळी लागलेले जनावर जंगलात तडफडत राहू नये, हा त्यामागील उद्देश आहे.

शरीररचना

एल्कहाउंड हा मध्यम आकाराचा, आटोपशीर व चौकोनी बांध्याचा कुत्रा आहे. नराची खांद्यापर्यंतची आदर्श उंची ५२ सेंटिमीटर व मादीची ४९ सेंटिमीटर मानली जाते. वजन नराचे सुमारे २३ किलो व मादीचे २० किलो असते. डोके रुंद, कान उभे व टोकदार, डोळे गडद तपकिरी आणि शेपटी पाठीवर घट्ट वळलेली असते. रंग राखाडी. वरच्या राठ केसांची टोके काळी आणि आतला लोकरीसारखा थर फिकट असतो. नाकाडाजवळ व कानांवर रंग गडद होत जातो.

या दुहेरी केसांचे काम नीट समजून घ्यावे. बाहेरचे राठ केस पाऊस व बर्फ आत शिरू देत नाहीत. आतला मऊ थर हवा धरून ठेवतो. गोधडीच्या थरांमध्ये अडकलेली हवा जशी ऊब टिकविते तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे हा कुत्रा शून्याखालच्या थंडीत दिवसभर ओल्या जंगलात फिरू शकतो.

शिकारीतील काम

एवढासा २०-२२ किलोचा कुत्रा ५०० किलोच्या जनावराचे काय करणार? या प्रश्नाच्या उत्तरातच या जातीचे सारे वैशिष्ट्य आहे. एल्कहाउंड मूसला धरत नाही, चावत नाही आणि पळवतही नाही. तो त्याला थांबवतो.

काम दोन पद्धतींनी चालते. पहिली मोकळ्या कुत्र्याची. सकाळी कुत्र्याला सोडले की तो मोठे वेढे घेत जंगल हुंगत जातो आणि अधूनमधून मालकाकडे येऊन पुन्हा निघतो. वाऱ्यावर मूसचा वास मिळाला की तो आवाज न करता जवळ पोहोचतो. नंतर काही अंतर राखून शांतपणे भुंकायला सुरुवात करतो. मूससारखे बलदंड जनावर लहान शत्रूला पाहून लगेच पळत नाही, तर तोंड देऊन उभे राहते. पळणाऱ्यापेक्षा उभ्या असलेल्या मूसवर हल्ला करणे लांडग्यालाही जड जाते, म्हणून हा स्वभाव त्याच्या उपयोगाचा आहे. कुत्रा नेमका याचाच फायदा घेतो. तो मूससमोर मागेपुढे होत राहतो, त्याचे लक्ष स्वतःवर गुंतवून ठेवतो आणि सतत भुंकत राहतो. कधी अर्धा तास, तर कधी काही तास. मूस पुढच्या पायांनी जबरदस्त लाथ मारतो. ती चुकविण्यासाठी कुत्रा आखूड, चपळ व जागच्या जागी वळणारा हवा. चौकोनी बांधा येथे उपयोगी पडतो.

दूर असलेला शिकारी त्या भुंकण्यावरून दिशा ओळखतो. जाणकार माणसाला भुंकण्याच्या लयीवरून मूस उभा आहे की चालू लागला आहे हेही कळते. तो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, म्हणजे आपला वास मूसकडे जाणार नाही अशा बाजूने, हळूहळू जवळ येतो आणि उभ्या जनावरावर नेम धरतो. उभ्या जनावरावर गोळी अचूक बसते, पळत्यावर ती पोटात किंवा पायात बसण्याचा संभव असतो. मूस मध्येच चालू लागला तर चांगला कुत्रा भुंकणे थांबवून गुपचूप मागे जातो, त्याला गाठतो आणि पुन्हा उभे करतो. भुंकत भुंकत मूसला पळवत नेणाऱ्या मोकळ्या कुत्र्याचा वापर करण्यास नॉर्वेच्या कायद्याने मनाई आहे.

दुसरी पद्धत दोरीवरच्या कुत्र्याची. यात कुत्र्याच्या अंगात पट्ट्यांचा साज घालून त्याला लांब दोरी लावतात व तो शिकाऱ्याला मागावरून किंवा वाऱ्यावरून मूसपर्यंत नेतो. येथे एकदाही भुंकलेले चालत नाही. सावज जवळ आल्याचे कुत्रा केवळ अंगाच्या ताठपणाने व कानांच्या हालचालीने दाखवितो. एकच जात एका पद्धतीत तासन् तास भुंकते आणि दुसरीत तोंडातून आवाजही काढत नाही, ही मला या कुत्र्याची सर्वांत नवलाची गोष्ट वाटते.

कुत्रा अति तापट असेल तर तो मूसच्या अंगावर जातो आणि मूस पळून जातो, किंवा कुत्र्याचाच जीव जातो. अति मवाळ असेल तर थोडे भुंकून परत येतो. उपयोगी कुत्रा या दोहोंच्या मधला. तो दिसण्यावरून ओळखता येत नाही. यासाठी नॉर्वे व स्वीडनमध्ये प्रत्यक्ष जंगलात शिकारी चाचण्या घेतल्या जातात. शोध घेण्याची पद्धत, मूस सापडणे, तो थांबविणे, भुंकण्यातील सातत्य आणि मालकाशी सहकार्य अशा बाबींना गुण दिले जातात व पैदाशीसाठी नर-मादी निवडताना हे गुण पाहिले जातात. वळूची निवड त्याच्या शिंगांवरून न करता मुलींच्या दुधावरून करावी असे आपण सांगतो, त्यातलाच हा प्रकार आहे.

जात किती जुनी?

एल्कहाउंडविषयीच्या बहुतेक पुस्तकांत ही जात पाच-सहा हजार वर्षांची असल्याचे सांगितलेले आढळते. नॉर्वेत अश्मयुगीन वस्तीच्या जागी कुत्र्यांची हाडे सापडली आहेत, तसेच व्हायकिंग काळातील दफनांतही कुत्र्यांचे सांगाडे मिळाले आहेत, हे खरे. परंतु स्पिट्झ आकाराची कुत्री पूर्वी होती, एवढेच त्यावरून म्हणता येते. २००४ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञांनी ८५ जातींच्या ४१४ कुत्र्यांची आनुवंशिक तपासणी प्रसिद्ध केली. तीत सायबेरियन हस्की, अलास्कन मॅलम्यूट यांसारख्या जाती प्राचीन गटात निघाल्या. एल्कहाउंड मात्र अलीकडील युरोपीय जातींच्या गटात आढळला. म्हणजे जुन्या काळापासून गावोगाव असलेल्या कुत्र्यांमधून गेल्या दीड-दोन शतकांत निवड होऊन आजची जात स्थिर झाली असे मानणे अधिक योग्य. १८७७ मध्ये नॉर्वेतील शिकाऱ्यांच्या संघटनेने भरविलेल्या प्रदर्शनात ती प्रथम मांडली गेली व त्यानंतर वंशावळीच्या नोंदी ठेवण्यास चालना मिळाली. जुनेपणाने कुत्र्याची किंमत वाढत असेल, काम वाढत नाही.

याच कुळातील इतर जातींचा येथे ओझरता उल्लेख पुरेसा आहे. नॉर्वेतच काळ्या रंगाची, थोडी लहान एल्कहाउंडची स्वतंत्र जात आहे. स्वीडनचा येम्टहुंड आकाराने मोठा असून तेथील मूसच्या शिकारीत तोच अधिक दिसतो. १९४६ पर्यंत तो राखाडी एल्कहाउंडमध्येच धरला जाई. फिनलंडचा तांबूस फिनिश स्पिट्झ झाडावर बसलेल्या रानकोंबड्यासारख्या पक्ष्याखाली भुंकत राहतो आणि कॅरेलियन अस्वल कुत्रा नावाप्रमाणे अस्वलापुढेही उभा राहतो. सर्वांचे तंत्र एकच. सावज शोधणे, खिळवून ठेवणे आणि भुंकून मालकाला बोलावणे.

स्वभाव व शिक्षण

एल्कहाउंड घरच्या माणसांशी मायाळू, मुलांशी सहनशील आणि परक्याबाबत सावध असतो. परंतु तो हुकमाचा ताबेदार नाही. जंगलात मालकापासून एक-दोन किलोमीटर दूर असताना काय करायचे हे त्याला स्वतःच ठरवावे लागते. असा स्वतंत्र निर्णय घेणारी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेल्यामुळे घरात तो हट्टी वाटतो. त्याला मारझोड करून उपयोग होत नाही. उलट तो माणसापासून दूर राहू लागतो व शिकारीतही परत येत नाही. शिक्षण थोडा थोडा वेळ, खाऊ व शाबासकी देऊन करावे. नावाने हाक मारताच परत येणे हा धडा पिलाला दोन-अडीच महिन्यांपासून द्यावा. सात-आठ महिन्यांनंतर त्याला मागाची ओळख करून देतात. पूर्ण भरवशाचा कुत्रा तयार व्हायला साधारणतः तीन वर्षे लागतात.

भुंकणे ही तक्रार सर्वच मालक करतात. पण भुंकणे हेच त्याचे काम आहे. दिवसभर साखळीला बांधलेला, कामाविना राहिलेला एल्कहाउंड दिसेल त्यावर भुंकतो, आणि त्यात दोष कुत्र्याचा नसतो. ज्यांची घरे दाटीवाटीची आहेत त्यांच्या शेजाऱ्यांनी हे आधीच वाचलेले बरे.

मेंढ्यांचा प्रश्न मात्र तेथे फार गंभीर मानतात. नॉर्वेत उन्हाळ्यात सुमारे २० लाख मेंढ्या व कोकरे डोंगरात व जंगलात मोकळी चरतात. म्हणून १ एप्रिल ते २० ऑगस्ट या काळात देशभर कुत्री दोरीवर ठेवणे बंधनकारक आहे. मेंढीच्या मागे न लागण्याचे शिक्षण प्रशिक्षित व्यक्तीकडून देऊन तसा दाखला मिळविण्याची पद्धत आहे आणि मोकळा कुत्रा सोडू देण्यापूर्वी पुष्कळ जमीनमालक हा दाखला मागतात.

आहार

या जातीची भूक मोठी व गरज लहान. कमी अन्नात कडक हिवाळा काढणाऱ्या कुत्र्यांतून ती निवडली गेल्याने मिळेल ते खाऊन चरबी साठविण्याकडे तिचा कल असतो. घरात पाळलेल्या एल्कहाउंडचा सर्वांत सामान्य आजार म्हणजे लठ्ठपणा. २३ किलो वजनाच्या, साधारण हिंडणाऱ्या कुत्र्याला दिवसाला सुमारे ११०० ते १२०० किलोकॅलरी पुरतात. हे दोन वेळांत विभागून, मोजून द्यावे. बरगड्यांवरून हात फिरविल्यास त्या सहज हाताला लागाव्यात, पण लांबून दिसू नयेत. ही साधी कसोटी वजनकाट्याइतकीच उपयोगी असून आपल्या गावठी कुत्र्यालाही लागू पडते.

शिकारीच्या दिवसांत गरज दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होते. दीर्घकाळ पळणाऱ्या कुत्र्याचे मुख्य इंधन चरबी असल्याने अशा काळात चरबी व प्रथिने अधिक असलेला आहार देतात. तो एकदम न बदलता हंगामापूर्वी काही आठवडे हळूहळू वाढवावा. सकाळी पोटभर खाऊ घालून लगेच सोडू नये. जड पोटाने धावल्यास जठराला पीळ पडण्याचा धोका असतो व त्यात कुत्रा काही तासांत दगावू शकतो. म्हणून कामाच्या काही तास आधी थोडे, विश्रांतीच्या वेळी घास-दोन घास आणि संध्याकाळी कुत्रा निवल्यावर मुख्य जेवण द्यावे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका व चॉकलेट कोणत्याही कुत्र्याला देऊ नये. आपल्या द्राक्ष व कांदा पट्ट्यातील वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

केसांची निगा व आजार

केसांना आठवड्यातून एकदा लोखंडी दातांच्या फणीने खरारा करावा. वर्षातून साधारण दोनदा आतला थर मोठ्या प्रमाणात गळतो, त्या वेळी रोज विंचरावे. वारंवार आंघोळ घालू नये.

या जातीचे आयुर्मान सुमारे १२ ते १५ वर्षे आहे. ती काटक समजली जाते, पण आनुवंशिक रोगांपासून मुक्त नाही. डोळ्याच्या आतील पडदा हळूहळू निकामी होऊन अंधत्व येणे हा त्यांतील महत्त्वाचा रोग. सुरुवातीस कुत्रा फक्त संध्याकाळी अडखळतो, त्यामुळे मालकाच्या लक्षात येत नाही. याच्या एका प्रकारात दोष आई व बाप दोघांकडून आला तरच पिल्लू आंधळे होते. एकाकडूनच आला तर कुत्रा निरोगी दिसतो, पण दोष पुढे वाहून नेतो. अशा वाहकांचा संबंध वाहकांशी आला तर सरासरी चारांतील एक पिल्लू रोगी निघते. आता रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यावरून हा वाहक ओळखता येतो. डोळ्यातील दाब वाढून होणाऱ्या काचबिंदूचा या जातीतील एक आनुवंशिक दोषही २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी शोधून काढला. याखेरीज मागील पायाच्या खुब्याचा सांधा नीट न बसणे, मूत्रपिंडाचे विकार व कातडीखालील गाठी आढळतात. खुब्याचे क्ष-किरण चित्र व डोळ्यांची तपासणी झालेल्या आईबापांचीच पिल्ले घेण्याचा आग्रह तेथील खरेदीदार धरतात. आपल्याकडे पिल्लू विकत घेणाऱ्याने, जात कोणतीही असो, हाच आग्रह धरावा.

लांडग्याचे पुनरागमन

स्कँडिनेव्हियात लांडगा जवळजवळ नामशेष झाला होता. पूर्वेकडून आलेल्या मोजक्या लांडग्यांपासून १९८३ मध्ये स्वीडनच्या वेर्मलांड भागात पुन्हा पिल्ले झाली आणि तेव्हापासून त्यांची संख्या वाढत गेली. निसर्गाच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट. पण मोकळा सुटलेला, एकाच जागी तासभर भुंकत राहणारा कुत्रा लांडग्याला आपल्या हद्दीत घुसलेला परका वाटतो. मालक दूर असतो. लांडग्यांनी शिकारी कुत्री मारल्याच्या घटना सीमाभागात वारंवार घडतात. तीन वर्षे खपून तयार केलेला कुत्रा काही मिनिटांत जातो. त्यामुळे अनेकजण त्या भागात कुत्रा मोकळा सोडायला धजत नाहीत व काही पुन्हा दोरीच्या पद्धतीकडे वळले आहेत. कुत्र्याच्या गळ्यात उपग्रहाद्वारे ठिकाण दाखविणारा पट्टा आता सर्रास असतो, जाड संरक्षक जाकिटेही वापरली जातात. लांडगा किती ठेवावा यावर तेथे मेंढपाळ, शिकारी व निसर्गप्रेमी यांच्यात अनेक वर्षे कडाक्याचा वाद चालू आहे. उसाच्या फडाशेजारी राहून बिबट्याने अंगणातला कुत्रा उचलून नेल्याचे पाहिलेल्या आपल्या शेतकऱ्याला दोन्ही बाजू समजू शकतील.

आपल्या हवामानात

रोही-डुकरांच्या बंदोबस्तासाठी असा कुत्रा आणता येईल का, असे कोणाच्या मनात येईल. येथे एक गोष्ट स्पष्ट करणे जरूर आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार आपल्याकडे शिकारीस बंदी असून वन्य प्राण्यांवर कुत्री घालणे गुन्ह्यात मोडू शकते. पिकाचे नुकसान झाल्यास वनविभागाकडे वेळेत अर्ज करावा. केवळ राखणीसाठी कुत्रा हवा असेल तर स्थानिक कुत्रा किंवा कारवानी हेच आपल्या उन्हाला, गोचिडांना व आहाराला सरावलेले आहेत.

दाट केसांचा कुत्रा येथे पाळण्यातील मुख्य अडचण उष्णतेची आहे. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो धापा टाकून, जिभेवरील व श्वासमार्गातील ओलावा उडवून शरीर थंड करतो. कोकणच्या दमट हवेत हा ओलावा नीट उडत नाही आणि विदर्भात पारा ४५ अंशांवर गेला की बाहेरची हवाच अंगापेक्षा गरम असते. केस भादरून टाकणे हा यावर उपाय नव्हे. त्यामुळे कातडीला थेट ऊन लागते व कित्येकदा केस पुन्हा सारखे येत नाहीत.

तरीही ज्यांच्याकडे हस्की, पामेरियन किंवा तत्सम कुत्री आधीच आहेत त्यांनी मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत त्यांना पहाटे व रात्रीच फिरवावे. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद मोटारीत ठेवू नये. खेळती हवा, दाट सावली आणि दिवसातून तीन-चार वेळा बदललेले पाणी द्यावे. रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्यावी. नॉर्वेच्या मुख्य भूमीवर हा रोग नाही, आपल्याकडे तो सर्वत्र आहे. केसांच्या दाटीत गोचीड दिसत नाही, तेव्हा कानामागे, बगलेत व बोटांच्या बेचक्यांत बोटांनी चाचपून पाहावे.

निरोगी कुत्र्याच्या अंगाचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते ४१ अंशांपुढे गेल्यास उष्माघात समजावा. जोरजोराने धापा टाकणे, जीभ व हिरड्या लालभडक होणे, चिकट लाळ गळणे, तोल जाणे व उलटी ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी कुत्र्याला ताबडतोब सावलीत घेऊन सर्वांगावर, विशेषतः पोटावर व जांघेत, साधे गार पाणी सतत ओतावे आणि पंख्याने किंवा सुपाने वारा घालावा. ओले पोते अंगावर गुंडाळून ठेवू नये, त्याने उष्णता आतच कोंडते. शुद्धीवर असेल तर थोडे थोडे पाणी पिऊ द्यावे, बेशुद्ध असल्यास तोंडात पाणी घालू नये. थोडे बरे वाटल्यासारखे दिसले तरी आतील अवयवांना इजा झालेली असू शकते, म्हणून अंगावर पाणी घालणे चालू ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे.